जपून ठेवलेला नकाशा

माझ्या मामाला गावात त्याच्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. नगरपालिकेच्या दप्तरखान्यात तो उभी हयात बसला, आणि खिडकीवर आलेल्या निम्म्याअधिक माणसांना त्याने एकच उत्तर दिलं, "सापडत नाही." त्यावरून लोकांनी त्याचं 'सापडेना' करून टाकलं. "सापडेना आलाय का आज?" असं लोक शिपायाला बिनदिक्कत विचारायचे. शिपाईही काही कमी नव्हता. तो म्हणायचा, "तो आलाय. तुमचा कागद येईलच असं नाही."

हे सगळं मामाच्या कानावर जायचं आणि तो चिडायचा नाही. उलट त्याला थोडी मजाच वाटत असावी. कारण कागद हरवलेले नसायचेच. मामानेच ते लपवलेले असायचे.

लपवणं हा त्याचा स्वभावच होता म्हणा ना. घरीसुद्धा तो साखरेचा डबा अशा जागी ठेवायचा की मुंग्यांनी हात टेकावेत. मुंग्यांबरोबर मामीनेही टेकले होते. पाहुणे आले की ती आतून ओरडायची, "अहो, आपल्या घरात आज साखर कुठे राहते?" आम्ही मुलं पोट धरून हसायचो. पण दप्तरखान्यातलं लपवणं स्वभावातून आलेलं नव्हतं. त्याला कारण होतं.

मामा नोकरीला नवीन असताना एक टापटीप गृहस्थ खिडकीवर आले. एका जागेची फाइल मागितली. मामाने काढून दिली. त्यांनी टेबलाशी बसून ती वाचली, आभार मानले, पेन खिशाला लावलं आणि गेले. पुढे काही दिवसांनी शाळेतले एक मास्तर तीच फाइल बघायला आले, तर ज्या पानावर त्यांचं नाव होतं तेवढंच पान नव्हतं. जागा मास्तरांच्या हातची गेली. मास्तर मामाला एक शब्द बोलले नाहीत. छत्री काखेत मारली आणि पायऱ्या उतरून गेले. "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं गं," असं मामा आईला कितीदा तरी सांगायचा.

तेव्हापासून त्याने स्वतःची एक रीत पाडली. एखाद्या कागदावर बड्या माणसाची नजर पडली आहे असा नुसता वास आला, की मामा तो कागद त्याच्या गठ्ठ्यातून काढायचा आणि कुणी जन्मात उघडणार नाही अशा भलत्याच गठ्ठ्यात सरकवायचा. सायकलींचे जुने परवाने, गटारं उपसल्याचे अहवाल, मोकाट कुत्र्यांच्या तक्रारी. त्याचं म्हणणं असं, की चोर कागद जिथे असायला हवा तिथेच शोधतो. कुठला कागद कुठे सरकवला याची नोंद मात्र तो कधीच करायचा नाही. नोंद केली की ती चोराच्या हातात किल्लीच दिल्यासारखं झालं, असं तो म्हणायचा.

मग त्याच्या लक्षात राहायचं कसं? तर जागेने. दप्तरखाना म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. एक गजांची खिडकी, छतापर्यंत लाकडी फळ्या, लाल कापडात बांधलेले गठ्ठे आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. एखादी बाई अंधारात हात घालून मिठाची बरणी काढते तसा मामा त्या फळ्यांवर हात घालायचा. 'खिडकीकडून दुसरं कपाट, खालची फळी, वाळवीने खाल्लेल्या कोपऱ्याला टेकून.' गठ्ठ्यावर काय लिहिलंय हे तो बघायचाही नाही. त्याला फळी ठाऊक असायची.

आता बडा माणूस खिडकीवर स्वतः थोडाच येतो? तो पाठवतो कुणीतरी साधा माणूस. त्यामुळे मामाला सगळेच साधे लोक संशयित वाटायला लागले. बिचारे भाडेकरू, पेन्शनीसाठी खेटे घालणाऱ्या बायका, वाटणीचे कागद मागणारे भाऊ, सगळ्यांना तेच उत्तर. चोर सोडून संन्याशाला फाशी. मामा दुष्ट नव्हता हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण त्या खिडकीवरून रिकाम्या हाताने परतलेल्यांना तो दुष्ट नव्हता याचा काय उपयोग?

आईला हे सगळं माहीत होतं. ती त्याची मोठी बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिनेच शिवणकाम करून त्याला वाढवलं, शिकवलं, त्या खिडकीत नेऊन बसवलं. त्याला बोलायचा अधिकार असलेली गावात ती एकटीच. ती म्हणायची, "अरे, दप्तर लोकांचं आहे. तू राखण करायला बसलायस, मालक म्हणून नाही."

"ताई, तुला नाही कळायचं. एकदा कागद गेला की गेला."

"आणि दिसलाच नाही तर? तो काय राहिला म्हणायचा?"

मामा हसायचा आणि चहा मागायचा.

आमचं घर रस्त्याला लागून नाही. पुढे दोन घरं, त्यांच्या मधून एक बोळ, आणि बोळाच्या शेवटी आम्ही. बोळ एवढा की सायकल हातात धरून चालणाऱ्याला समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला पाठ लावायची. पण आमचं सगळं जगणं त्या बोळातून आत यायचं आणि बाहेर जायचं. मी घरी शाळेचे गणवेश शिवते, माझी पाटी बोळाच्या तोंडाशी होती. आई रोज संध्याकाळी बोळातून निघून पोस्टासमोरच्या बाकावर जायची. तिथे तिची एक मैत्रीण यायची, जुनी सुईणबाई. दोघी दिवे लागेपर्यंत बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या चालीवरून त्याच्या घरात काय चाललंय ते ओळखायच्या. आईचा तो दिवसातला एकच चैनीचा तास.

पुढचं डावीकडचं घर एका ठेकेदाराने घेतलं. माणूस गोड. आईला मावशी म्हणायचा. घर घेण्याच्याही आधी तो मिठाईचा पुडा घेऊन मामाच्या खिडकीवर गेला होता आणि त्या भागाचा जुना मोजणीचा नकाशा मागत होता. मामाने पुडा परत केला, नकाशा सापडत नाही म्हणून सांगितलं, आणि ठेकेदाराची पाठ वळताच नकाशा हलवला. त्या नकाशात आमचा बोळ सार्वजनिक रस्ता म्हणून दाखवलेला होता, पालिकेच्या शिक्क्यासकट. संध्याकाळी मामा छाती फुगवून घरी आला.

"ताई, तुझा बोळ असा ठेवलाय, ब्रह्मदेव आला तरी सापडायचा नाही."

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "ब्रह्मदेवाचं राहू दे. तुला सापडेल ना?"

त्यावर आम्ही सगळेच हसलो.

मग कायदा बदलला. कुणालाही अर्ज करून दप्तर बघता येईल, नक्कल मागता येईल, आणि आठवड्यातून एक दिवस दप्तरखाना लोकांसाठी उघडा राहील, असं ठरलं. नवीन साहेब आले. त्यांनी हुकूम काढला की लाकडी फळ्या काढून लोखंडी मांडण्या बसवायच्या, आणि गठ्ठे सालवार लावायचे. चांगलाच हुकूम होता. मामाने तेव्हा साहेबांच्या खोलीत जाऊन एवढंच सांगायला हवं होतं, की साहेब, थोडे दिवस थांबा, काही कागद मी जागचे हलवले आहेत, ते आधी परत लावतो. पण तसं सांगायचं म्हणजे इतकी वर्षं लोकांना खोटं सांगितलं हे कबूल करायचं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिला. त्यातच आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मामाने रजा काढली. दवाखान्यात आईच्या उशाशी बसून तो घड्याळ बघून तिच्या डोळ्यात थेंब घालायचा. इतक्या मायेने घालायचा, की नर्सला तो आईचा मुलगा वाटला.

रजा संपवून कामावर गेला, तर पालिकेच्या मागच्या अंगणात त्याच्या फळ्या मोडून पडलेल्या. वाळवीने खाल्लेला कोपरा सगळ्यात वर. आत लोखंडी मांडण्यांवर गठ्ठे नव्या कापडात, नव्या चिठ्ठ्या लावून, ओळीने. साहेब म्हणाले, "कसं झालंय?" मामा म्हणाला, "छान." त्याच्या डोक्यात जे काही होतं ते सगळं त्या फळ्यांवर होतं, आणि फळ्या भंगारवाला नेणार होता. हे त्याने घरी कुणाला सांगितलं नाही. मामीलासुद्धा नाही.

फार दिवस गेले नाहीत, ठेकेदाराने बोळाच्या तोंडाशी विटा आणून टाकल्या. आई बाहेर आली.

"मावशी, रागावू नका," तो म्हणाला. "बोळ माझ्या घराच्या हद्दीत येतो. तुमच्याकडे कागद असेल तर दाखवा, मी विटा उचलतो."

"दाखवते की," आई म्हणाली आणि शांतपणे आत येऊन तिने चहा टाकला. मला मात्र धीर निघेना. मी मामाला बोलावून आणलं. तो म्हणाला, "बघतो. मी आणून देतो घरी." त्याचा चेहरा मला तेव्हाच बरा वाटला नव्हता.

आई म्हणाली, "घरी नको आणूस. चोरून काही नको. आता कायदा झालाय ना? मी अर्ज करीन, रांगेत उभी राहीन, आणि सगळ्यांसारखी नक्कल घेईन."

आणि ती खरंच गेली. नवा चष्मा लावून, केस नीट बांधून. खिडकीत भाऊ बसलेला, आणि ती रांगेत आपली पाळी येईपर्यंत उभी. मी तिला म्हटलं, आत जाऊन बस की. तर म्हणाली, "मग मागच्यांनी काय करायचं?"

मामाने शोधलं. शोधलं म्हणजे काय, जेवणाचा डबा न उघडता परत आणायला लागला. मामी घाबरून आमच्याकडे आली, म्हणाली, "हे झोपेत फळ्या मोजतात." सायकलींचे परवाने, गटारं, कुत्री, सगळे गठ्ठे उघडून झाले. पण ते गठ्ठे आता पूर्वीचे राहिलेच नव्हते. मजुरांनी सुटलेले कागद जिथे मावतील तिथे बांधले होते. त्या ढिगात एक घडीचा नकाशा. आणि कायद्याने उत्तर द्यायची मुदत भरली.

उत्तर लेखी द्यावं लागतं, आणि दप्तर सांभाळणाऱ्याच्या सहीने. आई उत्तर घ्यायला गेली तेव्हा मी बरोबर होते. मामाने गजांतून कागद पुढे केला. आईने चष्म्यातून तो सावकाश वाचला. 'आपण मागणी केलेला नकाशा या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.' खाली मामाची सही, तिनेच पाटीवर गिरवून घेतलेल्या अक्षरांतली.

"सापडत नाही म्हणतोस?" तिने विचारलं.

मामा मान वर करेना. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो आजी, इथे कुणालाच सापडत नाही. सरका पुढे." रांगेत हशा पिकला. आई पुढे सरकली.

आम्ही पालिकेत तक्रार केली, तिची साहेबांपुढे सुनावणी झाली तेव्हा ठेकेदाराने त्याच पत्राची नक्कल काढून पुढे केली. पालिकेचंच म्हणणं आहे की असा नकाशा नाही, मग रस्ता आला कुठून? साहेबांना दुसरं काही करता येईना. आठवड्यात भिंत उभी राहिली. ठेकेदाराने माझी पाटी मात्र पुसून, नीट कागदात गुंडाळून परत पाठवली.

त्यानंतर आम्हाला एकच वाट उरली, मागची. मागच्या घरात एक काकू राहते, तिच्या अंगणातून, मोरीला वळसा घालून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून. काकू भली बाई. पण दुसऱ्याचं अंगण ते दुसऱ्याचंच. दुपारी तिचं दार बंद असायचं. तिचा कुत्रा बांधायला सांगावं लागायचं. आई प्रत्येक वेळी दाराशी थांबून विचारायची, "येऊ का?" आपल्याच घरी जायला. पहिल्यांदा ती हसून म्हणाली, "काखेत कळसा भावाच्या, आणि गावाला वळसा मला." नंतर हसणं संपलं. बाकावर रोज जायची ती एक दिवसाआड जायला लागली, मग कधीमधी, मग सुईणबाईच कुणाकडून तरी निरोप पाठवायला लागली. माझं गिऱ्हाईक निम्मं तुटलं, त्याचं मला एवढं वाटलं नाही. आई संध्याकाळी बंद बोळाकडच्या खिडकीशी बसायची, ते मला बघवायचं नाही.

मामा रोज यायचा. मी त्याच्याशी धड बोलायची नाही. आई बोलायची, चहा द्यायची, पण त्याला कधी दप्तराचं काही विचारलं नाही. मामाला तेच जास्त लागत असणार.

तो निवृत्त झाला आणि लोक म्हणाले, सुटला एकदाचा. पण दर आठवड्याच्या त्या उघड्या दिवशी तो पालिकेत जायला लागला. आता खिडकीच्या अलीकडच्या बाजूला. जागेवर एक नवी कारकून बाई आली होती. ती शिस्तीची. "काका, एका वेळी एकच गठ्ठा. टेबलाशी बसायचं, सही करायची." मामा रांगेत उभा राहायचा, सही करायचा, गठ्ठा सोडायचा, एकेक कागद उलटायचा, पुन्हा बांधून द्यायचा. रांगेत एकदा एका म्हाताऱ्याने त्याला ओळखलं आणि विचारलं, "तुम्हीपण? तुमचं काय सापडेना?" मामाने त्याला जागा दिली आणि मागे जाऊन उभा राहिला.

एका सकाळी आई न्हाणीत पडली. खुबा मोडला. दवाखान्याची गाडी रस्त्यावर आली, पण स्ट्रेचर काकूच्या अंगणात वळेना. मोरीपाशी अडायचं. शेवटी मामाने आणि गाडीवाल्याने आईला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलली. ओल्या चादरी बाजूला सारत सारत ते निघाले. प्रत्येक हिसक्याला आईचा चेहरा पांढरा पडत होता. काकूच्या दाराशी आली तेव्हा तिने हात वर केला आणि म्हणाली, "येते हं. फार तसदी दिली तुम्हाला." काकू पदर तोंडाला लावून आत पळाली. मामाच्या हातात खुर्चीचे पुढचे पाय होते, त्यामुळे त्याला डोळे पुसता आले नाहीत.

दवाखान्यातून आई परत आली नाही.

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी एका उघड्या दिवशी कारकून बाईने मला निरोप पाठवला, "तुमच्या मामांना घेऊन जा, ते उठत नाहीत." मला वाटलं बरं नाही. धावत गेले. मामा टेबलाशी बसला होता. पुढ्यात रस्त्यावरच्या दिव्यांच्या तेलाच्या पावत्यांचा गठ्ठा. तेलाचे दिवे जाऊन कैक वर्षं लोटली, तो गठ्ठा कुणाला हवा असणार? आणि त्यावर आमचा नकाशा उघडा. बोळ, दोन्ही घरं, शेवटी आमचं घर, कोपऱ्यात शिक्का.

मामाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बघ. एक कोपरासुद्धा दुमडलेला नाही."

मला इतका राग आला की मी त्याला तिथे, सगळ्यांसमोर म्हटलं, "हो रे मामा. फार नीट ठेवलास." मी त्याचा हात धरला आणि त्याला घरी आणलं. तो राग माझा अजून गेलेला नाही. त्याच्यासाठी चहा करताना असतो, त्याच्या पायाला तेल चोळतानाही असतो.

त्याच गठ्ठ्यात आणखी लोकांचेही कागद निघाले. मामा एकेकाच्या घरी सांगायला गेला. एकाने त्याला बसवून पाणी दिलं. एका घरात आता दुसरेच लोक राहत होते. एका बाईने ऐकून घेतलं आणि त्याच्या तोंडावर दार लावलं, आणि मी तिच्या जागी असते तर मीही लावलं असतं.

नकाशा मिळाल्यावर पुन्हा सुनावणी झाली, आणि ठेकेदाराला भिंत काढावी लागली. मजूर विटा फोडत होते तेव्हा मामा समोरच्या फुटपाथवर उभा होता. संध्याकाळी बोळात पुन्हा उजेड आला. मी पाटी परत लावली. सुईणबाई काठी टेकत आली, बोळातून थेट आमच्या दारापर्यंत, आणि दार धरून रडली.

मामा मात्र बोळातून येत नाही. म्हातारा झालाय, वाकायला होत नाही, तरी मागच्या गल्लीने जातो, काकूच्या दाराशी थांबतो, आणि आई विचारायची तसं विचारतो, "येऊ का?" मी कितीदा म्हटलं, "मामा, वाट मोकळी झालीय. पुढून ये."

"होय, होय," म्हणतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा चादरींखालून वाकून येतो. काकूने आता तो यायच्या वेळेला कुत्रा बांधून ठेवायला सुरुवात केली आहे.